पाचवीच्या खोलीतला कापूस

आमच्या शाळेत बातम्या सुरू झाल्या त्या मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, कचेरीतून आलेल्या एका सर्क्युलरमुळे. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात ते आलं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांनी पाच मिनिटं बातम्या वाचाव्यात, त्यांचं सामान्य ज्ञान वाढवावं, आणि बातम्या वाचतानाचा फोटो साडेनऊच्या आत ग्रुपवर टाकावा. फोटोचं वाक्य ठळक अक्षरात होतं. सामान्य ज्ञानाचं साध्या.

आमची शाळा मराठी माध्यमाची, सरकारी, पहिली ते पाचवी. गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या पार टोकाला; गावामागच्या टेकाडावर चढलं की पैनगंगा दिसते आणि नदीपलीकडचं महाराष्ट्रातलं गावही दिसतं. तीन खोल्या, एक वऱ्हांडा, तीस-बत्तीस मुलं आणि शिकवणारे दोघं. एक मी. आदिलाबादच्या किराणा दुकानदाराची मुलगी, रोज स्कूटीवर येणारी. दुसरे हेडमास्तर, मंचेरियलचे, मातृभाषा तेलुगू. मराठी ते नोकरीत लागल्यावर पुस्तकांतून शिकले, त्यामुळे गावात शुद्ध मराठी बोलणारा माणूस त्यांच्याशिवाय कोणी नाही. कुणाचं पोर पडून गुडघा फुटला तर ते म्हणतात, "याला किंचित दुखापत झाली आहे." पोराची आई माझ्याकडे बघते, मग मी सांगते काय झालं ते.

सर्क्युलर आलं तसं हेडमास्तरांनी मनापासून घेतलं. अडचण एवढीच होती की गावात मराठी पेपर येत नाही. तेलुगू पेपर येतो, तोही दुपारच्या बसनं. मग हेडमास्तर आदल्या दिवशीचा पेपर घरी नेऊन रात्री त्याचं भाषांतर करायचे आणि सकाळी एखाद्या मुलाच्या हातात द्यायचे. "मंत्रिमंडळाच्या बैठकीत सविस्तर विचारविनिमय करण्यात आला." मुलगा 'विचारविनिमय'पाशी अडकला की हेडमास्तर मागून सांगायचे. पहिलीची मुलं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून उभ्याउभ्या झोपायची. फोटोत ती डोळे मिटून प्रार्थना करताहेत असं वाटायचं, त्यामुळे फोटो चांगले यायचे.

चार-पाच दिवसांनी मीच म्हटलं, सर, मुलांनाच बातम्या आणू द्या ना. सर्क्युलरमध्येही 'मुलांनी निवडलेल्या' असं लिहिलंय. त्यांनी सर्क्युलर पुन्हा काढून वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. म्हणाले, "आपले निरीक्षण अचूक आहे."

दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी पुढं आली. तिच्या घरी मळा आहे, आई-बाप भाजी पिकवतात आणि बाजाराला नेतात. मुलगी बारीक, पण आवाज मोठ्या बाईसारखा. तिनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "ऐका. आमची म्हैस व्याली. रेडा झाला. आजी म्हनते, वगार पायजे होती. बातमी संपली."

पहिलीची मुलं जागी झाली.

माईकबद्दल सांगायला हवं. तो आणि त्याच्यासोबतचा भोंगा शाळेला पंधरा ऑगस्टला भेट मिळाला होता, शाळा समितीच्या अध्यक्षांकडून. अध्यक्ष म्हणजे कागदावर अध्यक्षीणबाई. समितीचं अध्यक्षपद दोन वर्षांपासून बाईकडे होतं, आणि ते त्यांच्या मालकांनी सांभाळलं होतं. मीटिंगला ते यायचे, झेंड्याला ते यायचे, सहीचे कागद ते घरी न्यायचे आणि सही होऊन यायची. गाव त्यांनाच अध्यक्ष म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. बोरिंगची मोटर जळाली तेव्हा स्वतः आदिलाबादला नेऊन दुरुस्त करून आणली होती. भोंगा त्यांनी घेतला तो लग्नाच्या मांडवात लावायच्या मापाचा होता, आणि हौसेनं शाळेच्या छपरावर गावाकडे तोंड करून बसवून दिला होता.

त्यामुळे रेड्याची बातमी सगळ्या गावानं ऐकली.

मग रोज तीच बातम्या आणायला लागली. बाकीची मुलं आणायची, पण ती तिच्याकडे द्यायची, कारण ती विचारपूस करायची. संध्याकाळी पिठाचा डबा घेऊन चक्कीवर जायची आणि नंबर आला तरी तिथंच उभी राहायची. कुणाकडे पाव्हणे आले, कुणाच्या शेतात रानडुकरं शिरली, कोणत्या रस्त्यावर दिवा लागत नाही. एकदा वाचलं, "देवळापासला नळ फुटला हाय. तीन दिस झाले. तिथं चिखल झाला, आन परवा एक आजी घसरली." दुपारपर्यंत नळ दुरुस्त झाला. तो ज्यानं केला तो पंचायतीचा माणूस दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी येऊन उभा राहिला, आपलं नाव घेतात की नाही ते ऐकायला. तिनं घेतलं नाही. म्हणाली, "नळ दुरुस्त झाला." तो जरा वेळ थांबून गेला.

हळूहळू नळावरच्या बाया नऊला हंडे खाली ठेवून थांबायला लागल्या. पारावरचे म्हातारे कान देऊन बसायचे. हेडमास्तरांनी एक व्हिडिओ ग्रुपवर टाकला, त्यावर वरच्या साहेबांनी पसंतीचा अंगठा दिला. हेडमास्तर दिवसभर मोबाइल काढून तो अंगठा बघत होते. मला म्हणाले, "आपल्या शाळेने समाजाशी नाते जोडले आहे."

नातं तसं आधीच जोडलेलं होतं, आणि ते आमच्या तिसऱ्या खोलीत छतापर्यंत भरलेलं होतं.

झालं होतं असं. दसऱ्याच्या सुट्टीत पहिली वेचणी निघाली. अध्यक्षांच्या घराचं छप्पर उतरवून नवीन टाकायचं काम चालू होतं, कापूस ठेवायला जागा नव्हती. त्यांनी हेडमास्तरांना फोन केला की सुट्टी आहे, खोली रिकामीच आहे, आठ दिवस ठेवतो. हेडमास्तर म्हणाले, "निःसंकोच ठेवावा." सुट्टी संपून आम्ही आलो तेव्हा चौथी-पाचवीच्या खोलीत कापूस होता. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त निघाला म्हणून गाडी परत पाठवली होती. आठ दिवसांत सुकला की नेतो, असं अध्यक्ष म्हणाले. आठ दिवसांनी दुसरी वेचणी आली आणि तीही आत गेली. मग परत आठ दिवस. आम्ही चौथी-पाचवीच्या सतरंज्या वऱ्हांड्यात टाकल्या. फळा बाहेर आणून खुर्चीवर ठेवला. सहामाही परीक्षा वऱ्हांड्यातच झाली. वारा आला की पेपर उडायचे आणि मुलं पायानं दाबून लिहायची.

हे सगळं मला दिसत होतं. रोज सकाळी स्कूटी लावताना त्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून कापूस बाहेर आलेला दिसायचा, आणि रोज मी मनात म्हणायचे, आज सरांशी बोलते. मग बोरिंगची मोटर आठवायची, भोंगा आठवायचा. सरांनाही तसंच काहीतरी आठवत असणार. आम्ही दोघं त्या खोलीबद्दल बोलायचो नाही. बोलायचंच झालं तर 'पलीकडची बाजू' म्हणायचो.

डिसेंबर लागला, थंडी वाढली. त्या दिवशी ती मुलगी नेहमीसारखी माईकपाशी आली. अंगात भावाचा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. कागद उघडला आणि वाचलं.

"ऐका. पाचवीच्या खोलीत कापूस हाय. दसऱ्यापासून हाय. चौथी-पाचवी वऱ्हांड्यात बसते. चौथीतल्या दोघांले खोकला हाय, एक घरीच हाय. बातमी संपली."

नळावर हंड्यांचा आवाज थांबलेला मला स्पष्ट आठवतो. हेडमास्तरांनी एक क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात 'जन गण मन' सुरू केलं. खरं तर त्याआधी सुविचार राहिला होता. पण राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कुणाला काही बोलता येईना. मुलं ताठ उभी राहिली, मी राहिले, फाटकाबाहेरच्या बायाही पदर सारखे करून उभ्या राहिल्या. एवढ्या शांततेत आमच्या शाळेत राष्ट्रगीत पुन्हा झालेलं नाही.

अध्यक्ष दहा वाजता आले. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. ते आले, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा पडलेला होता. म्हणाले, "पोट्टी खोटं नाई बोलली, मॅडम. पन माईकवर काऊन? तो माईक म्याच देल्ला ना?"

हेडमास्तर म्हणाले, "आपली भावना मी समजू शकतो." मग ते बराच वेळ बोलले. सार असं की बातम्या बंद करता येत नाहीत, कारण फोटो रोज टाकावा लागतो. पण बातम्यांत मुलांच्या वयाला साजेसं, सकारात्मक काही असावं, आणि म्हणून यापुढे मॅडम त्या आधी तपासून देतील. मॅडम म्हणजे मी. मी मान हलवली. अध्यक्षांनी टोपी घातली आणि जाताना सांगितलं की आठ दिवसांत खोली खाली करतो.

तपासणं म्हणजे लाल पेन. ती मुलगी सकाळी कागद आणून द्यायची, मी रेघ मारायचे. कुणाच्या घरासमोर गटार तुंबलं, खोडलं. बस दोन दिवस आली नाही, खोडलं. काय राहायचं? "काल सर्वांनी जेवणाआधी हात धुतले." "आज आकाश निरभ्र आहे." 'निरभ्र' मीच घातलं होतं. ती ते सगळं त्याच आवाजात वाचायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. नळावरच्या बाया दोन-तीन दिवस थांबल्या, मग हंडे घेऊन जायला लागल्या. एक दिवस मी स्कूटी पाराजवळून नेत होते तर तिथल्या एका म्हाताऱ्यानं हात करून थांबवलं आणि फार काळजीनं विचारलं, "मॅडम, गावात आजकाल काई होऊन नाई राह्यलं का?"

त्याच आठवड्यात वह्या तपासताना तिची वही हाती आली. गणिताच्या मागच्या पानांवर तिनं कापसाच्या बातमीपासूनच्या सगळ्या बातम्या उतरवून ठेवल्या होत्या, रोजच्या रोज. ज्या वाचल्या त्यांच्यापुढं 'वाचली'. ज्या नाही त्यांच्यापुढं 'मॅडमनं खोडली'. दोन पानं भरली होती. 'वाचली' दोन-चारच ठिकाणी होतं. मी वही मिटली. शाळेत लागले तेव्हा मला लाल पेन मिळाल्याचा केवढा आनंद झाला होता, ते उगाच आठवलं.

मग सहामाही अहवालाचा फॉर्म आला. दर वर्षी येतो. शाळेत सहा महिन्यांत काय काय झालं ते लिहायचं, त्यात 'समाजाचा सहभाग' असा एक रकाना असतो, आणि खाली समितीच्या अध्यक्षांची सही. हेडमास्तरांनी सुंदर अक्षरात फॉर्म भरला. समाजाच्या रकान्यात लिहिलं, 'समितीने सर्व वर्गखोल्यांची उत्तम निगा राखली आहे.' फॉर्म त्याच संध्याकाळी पाठवायचा होता आणि अध्यक्ष गावात नव्हते. कापसाचा नमुना घेऊन खरेदी केंद्रावर गेले होते, तिथं गाड्यांची रांग होती, उद्यापर्यंत येणार नव्हते. हेडमास्तर खूप अस्वस्थ झाले. मी म्हटलं, सर, सही तर बाईंचीच लागते ना? त्या गावातच आहेत. ते माझ्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांत ही गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

बाई वांग्याच्या वाफ्यात होत्या. शाळेपासून शेत लांब नाही, मधे एक नाला. मी त्यांना लग्नाकार्यात पाहिलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. चाळिशीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या. मी फॉर्म पुढं केला. त्यांनी हात पदराला पुसले, पेन घेतलं, आणि सही करायची सोडून विचारलं, "काय लिवलं हाय याच्यात?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. फॉर्म इंग्रजी-तेलुगूत छापलेला होता. मी सांगायला लागले, मुलं किती, वजनं घेतली, झाडं लावली. समाजाच्या रकान्यापाशी आले तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला. समितीनं खोल्यांची निगा राखली, असं म्हटलं.

"कोनत्या खोल्या?"

"सगळ्या."

त्यांनी पेनचं टोपण परत लावलं. मग म्हणाल्या, त्या दिवशी मी इथंच वाफ्यात होते तर भोंग्यावर ऐकू आलं की पाचवीच्या खोलीत कापूस आहे. वाऱ्यानं पुढचं नीट आलं नाही. घरी मालकांना विचारलं तर ते म्हणाले, पोट्ट्यांचा प्रयोग आहे, विज्ञानाचा. आपला कापूस चुलतसासऱ्याच्या गोठ्यात आहे असं त्यांनी सांगितलं होतं. बाईंचा विश्वास बसला होता. काऊन नाही बसणार? पण मग बातम्यांतून एकदम सगळं गोड गोड यायला लागलं, तेव्हा त्यांना शंका आली.

"मॅडम, तो कापूस कोनाचा हाय?"

नाल्याच्या पलीकडे शाळेचं छप्पर दिसत होतं. मी खोटं बोलू शकले असते असं नाही. पण 'मला नक्की माहीत नाही' एवढं म्हणता आलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"तुमचाच," मी म्हटलं.

त्यांनी पेन मला परत दिलं. रागावल्या नाहीत. आपल्या हातांकडे पाहिलं; तो कापूस त्यांनीच बायांबरोबर वेचला होता, बोटांवर ओरखडे अजून होते. म्हणाल्या, "सही उद्या करीन. शाळेत येऊन."

फॉर्म वेळेवर गेला नाही. हेडमास्तरांनी रात्री मला दोनदा फोन करून विचारलं की विलंबाचं कारण काय द्यावं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी बाई फाटकातून आत आल्या. धुतलेलं लुगडं, पायात चपला. हेडमास्तर पुढं होऊन म्हणाले, "आपले सहर्ष स्वागत आहे," आणि त्यांना खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. सरळ वऱ्हांड्यातून चालत गेल्या, सतरंज्या बघितल्या, खुर्चीवर टेकवलेला फळा बघितला, खिडकीच्या गजांतून हात घालून कापसाचा एक पुंजका ओढला आणि बोटांत चोळला. मग त्या मुलीला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या की त्या दिवशीची बातमी पुन्हा वाच, मले अर्धीच ऐकू आली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं वही काढून वाचली, माईकशिवाय. खोकल्यापाशी बाईंनी विचारलं, कोणाला? मुलीनं सांगितलं. "रविवारी खोली खाली होते," बाई म्हणाल्या.

मालक दुपारी आले. नवरा-बायकोचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि बातमीतही आलं नाही. पण रविवारी ट्रॅक्टर आला. मालक स्वतः ढिगावर उभे राहून गाठोडी बांधत होते. हेडमास्तर सुट्टी असून मंचेरियलला गेले नाहीत, पँट वर दुमडून आले. मीही गेले. कापूस बाईंच्या घरी गेला, नव्या छपराखाली, झोपायच्या खोल्यांत. खाटा बाहेर ओसरीत आल्या. मी विचारलं, एवढ्या थंडीत तुम्ही कुठं झोपणार? "आमी मोठे हाओत," बाई म्हणाल्या. "आमाले खोकला झाला तं झाला."

सोमवारी चौथी-पाचवी आपल्या खोलीत बसली आणि अर्ध्या तासात सगळी अंग खाजवायला लागली. बोंडअळ्या राहिल्या होत्या, भिंतीच्या कडेनं गुलाबी रांग चालली होती. दोन दिवस धुणं-झाडणं झालं. मग खोली स्वच्छ झाली, पण थंडगार. आणि मुलांनीच विचारलं की सकाळी दहापर्यंत वऱ्हांड्यात उन्हात बसलं तर चालेल का. मी चालेल म्हटलं. समोरून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, कापूस परत आला.

फॉर्मचा प्रश्न राहिलाच होता. बाईंनी सांगितलं होतं की खोल्यांच्या निगेचं वाक्य खोडून जे झालं ते लिहा: खोलीत आमचा कापूस होता, आमी काढला. हेडमास्तर तो रकाना समोर ठेवून बसले. म्हणाले, असं लिहिण्याची पद्धत नाही. शेवटी त्यांनी त्याचं आपल्या पुस्तकी भाषेत भाषांतर केलं: 'समितीच्या पुढाकाराने एक वर्गखोली विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्यात आली.' बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. यात कापूस कुठं गेला, असं विचारलं. 'उपलब्ध' या शब्दात आहे, असं हेडमास्तर म्हणाले. बाईंनी सही केली.

वर तो रकाना कुणीतरी खरंच वाचला. जानेवारीत मंडलाच्या गावी सगळ्या शाळांची सभा झाली आणि शाळेला खोली मिळवून देणाऱ्या समितीचा सत्कार ठरला. आम्ही चौघं गेलो: बाई, मालक, हेडमास्तर आणि मी. स्टेजवरून तेलुगूत गावाचं नाव आणि 'अध्यक्ष' एवढं पुकारलं गेलं. मालक उठले. दोन वर्षांची सवय होती, त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं आणि दोन पावलं गेले. बाईंना तेलुगू येत नाही, त्या माझ्याकडे वळल्या. मी हळूच सांगितलं, तुम्हाला बोलावताहेत. त्या उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "अवो, अध्यक्ष मी हाओ."

मालक थांबले. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं. ते रांगेतून मागे सरकले, बाईंना वाट दिली आणि परत येऊन बसले. टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

शाल घातल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्यानं बाईंपुढं माईक धरला. बाई म्हणाल्या, "खोलीत आमचाच कापूस होता. पोट्टे बाहेर बसत होते. आमीच भरली होती, आमीच खाली केली. याच्यात सत्कारासारकं काई नाई." सूत्रसंचालकानं तेलुगूत सांगितलं की बाईंनी सर्वांचे मनःपूर्वक आभार मानले आहेत. मोठ्या टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांच्या तोंडून पुस्तकाबाहेरचं मराठी निघालं. म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम."

आता समितीच्या मीटिंगा पाच मिनिटांत होत नाहीत. बाई प्रत्येक कागद वाचून घेतात. हेडमास्तर 'प्रस्तुत', 'उपरोक्त' असं म्हणाले की त्या हात वर करतात आणि ते थांबून सोपं करून सांगतात. त्यांची मराठी त्यामुळे बिघडत चालली आहे.

लाल पेन मी बंद केलं. कुणाला विचारलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पहिल्या दिवशी ती मुलगी सवयीनं कागद घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, मला दाखवू नकोस, सरळ वाच. ती गेली नाही, तिथंच उभी राहिली.

"मॅडम, कापूस तुमाले आमच्या आदीच दिसला असन ना?"

"हो."

"मग तुमी काऊन नाई सांगतलं?"

मोटर, भोंगा, सर, सर्क्युलर, सगळं डोक्यात येऊन गेलं. दहा वर्षांच्या मुलीला त्यातलं काहीही सांगण्यासारखं नव्हतं. "हिंमत झाली नाही," मी म्हटलं.

तिनं यावर थोडा विचार केला आणि "बरं" म्हणाली. मग म्हणाली की आज दोनच बातम्या आहेत, तुमच्याकडं एखादी आहे का, येताना रस्त्यात काही झालं का? मी सांगितलं, पुलापाशी रस्ता अर्धा खोदून ठेवलाय, स्कूटी हातानं ढकलत आणावी लागली. तिनं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं.

"कोनी खोदला?"

"ते मला नाही माहीत."

"तसंच लिवतो मंग," ती म्हणाली, आणि पाच मिनिटांनी ते तसंच सगळ्या गावाला ऐकू गेलं, की पुलापाशी रस्ता खोदला आहे, मॅडमनं गाडी ढकलत आणली, आणि कोणी खोदला ते मॅडमनं विचारलं नाही.